पहिल्या गावाचं काय?

बाबा, सभा झाली.

तुम्ही असतात तर चपला काढायच्या आधीच विचारलं असतंत, "काय ठरलं ते आधी सांग, बाकीचं नंतर." पण या वेळी मी क्रमाने सांगणार आहे. मध्येच तोडायची तुमची सोय आता उरली नाही, तेवढाच माझा फायदा.

मार्चमध्ये तुम्ही गेलात तेव्हा माझ्या फोनमधल्या यादीत तुमच्या नावाखाली चार कामं होती. विमानतळावर आणायला कोण जाणार ते ठरवणे. गुडघ्याचा पट्टा, मोठ्या मापाचा. बसचा महिन्याचा पास. आणि फ्राऊ हर्टलाइनना सभेची वेळ कळवणे. औरंगाबादहून परत आल्यावर पहिली तीन मी एकेक करून खोडली. पट्ट्याचं काम खोडताना सगळ्यात वेळ लागला, का ते माहीत नाही. चौथं तसंच ठेवलं. सभा तुमची होती, भाषण तुमचं होतं, आणि ती रद्द करायची की नाही हे मला ठरवता येईना. सुहास म्हणाला, "रद्द कर. लोक समजून घेतील." तुमचा मुलगा आणि माझा नवरा समजूतदार आहे, पण त्याला डोर्शसाहेबांमध्ये कधीच रस नव्हता.

आपल्याला डोर्शसाहेब सापडले ते मी तुम्हाला घराबाहेर काढलं म्हणून, हे तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. आई गेल्या त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही पहिल्यांदा तीन महिन्यांच्या व्हिसावर जर्मनीत, एर्लांगेनला आलात. दोन आठवड्यांत आमच्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. बाल्कनीचा उतार चुकलाय हे घरमालकाला पाणी ओतून दाखवून झालं. मग तुम्ही माझ्या ऑफिसच्या व्हिडिओ कॉलमागून येरझारा घालायला लागलात. मी तुम्हाला बसचा पास काढून दिला. तुम्ही रोज एक वेगळी बस पकडायचात, शेवटच्या थांब्यावर उतरायचात, गावातली घरं बघायचात आणि जेवायच्या वेळेला परत. जेवताना मला त्या गावाच्या गटारांची हकिगत ऐकावी लागायची.

अशाच एका शेवटच्या थांब्याच्या गावात, जुन्या बंबखान्यात, तुम्हाला हाइमाटफेराइनचं प्रदर्शन दिसलं. गावाचा इतिहास जपणारं मंडळ इथे प्रत्येक गावात असतं, आणि प्रत्येकाकडे दुधाच्या किटल्या असतात. या गावाकडे किटल्यांशिवाय एका चौकटीत लावलेले आठ फोटो होते. आठही फोटोंत एकच इमारत: दुमजली, दगडी, मधोमध घड्याळाचा मनोरा. खालच्या पाटीवर मजकूर होता. पांक्राट्स डोर्श, या गावच्या सुताराचा मुलगा, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला गेला. आयोवा राज्यात त्याने हे जिल्ह्याचं न्यायालय बांधलं आणि आईला त्याचे फोटो पाठवत राहिला.

त्या दिवशी तुम्ही जेवताना गटारांबद्दल काहीच बोलला नाहीत. म्हणालात, "मेधा, शनिवारी माझ्याबरोबर चल. तिथल्या बाईंना सांगायचंय की ती एक इमारत नाही."

"मग?"

"आठ आहेत."

"बाबा, आठ फोटो आहेत."

"तेच म्हणतोय मी. फोटोही आठ आणि इमारतीही आठ."

मंडळाच्या अध्यक्ष फ्राऊ हर्टलाइन म्हणजे निवृत्त शिक्षिका, आणि त्यांनी आपल्याला शिक्षिकेसारखंच उभं केलं. त्या म्हणाल्या, गावात या माणसाला 'एका घराचा डोर्श' म्हणतात. आयुष्यात एकच घर बांधलं आणि जन्मभर त्याचेच फोटो पाठवले. कोणी स्वतःची फार टिमकी वाजवायला लागला की अजूनही म्हणतात, डोर्शसारखं करू नकोस. मी हे तुम्हाला मराठीत सांगत होते आणि तुम्ही काचेला न टेकवता बोट वरच्या मजल्यावर फिरवत होतात. पहिल्या फोटोत वरच्या खिडक्या थेट छताखालच्या पट्टीपर्यंत जातात. दुसऱ्यात थोड्या ठेंगण्या. तिसऱ्यात आणखी.

फ्राऊ हर्टलाइन म्हणाल्या, "फोटो लांबून काढला असेल."

"लांबून काढला तर दारही लहान दिसेल," तुम्ही म्हणालात. "दार बघायला सांग त्यांना. दार तेवढंच आहे."

त्यांनी दार बघितलं. मग चष्मा बदलून पुन्हा बघितलं. "आल्झो," म्हणजे 'असं तर', एवढंच म्हणाल्या, खणातून केक कापायची सुरी काढली आणि चौकट उलटी करून मागचा पुठ्ठा उचकटला. पुढच्या जाड कागदी पट्टीखाली प्रत्येक फोटोच्या कडेला फोटोग्राफरचं आणि शहराचं नाव छापलेलं होतं. आठ वेगवेगळी शहरं. बाई खुर्चीवर बसल्या आणि हसायला लागल्या. म्हणाल्या, "माझ्या आजीच्या आजीपासून आम्ही या माणसाला हसतोय."

तुम्ही अगदी अदबीने म्हणालात, "मॅडम, टाईप प्लॅन." याचं जर्मन मला येईना. एकच मंजूर नकाशा घ्यायचा आणि तो ठिकठिकाणी बांधायचा, असं समजावत मी बराच वेळ हातवारे केले.

परतीच्या बसमध्ये तुम्ही इतके खुशीत होतात की समोरच्या आजीबाईंनी तुम्हाला पेपरमिंटची गोळी दिली. मला वाटलं, शोध लागल्याचा आनंद आहे. मग तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "मी काय बांधलं असं कोणी विचारलं की मी सांगतो, आरोग्य केंद्रं. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. म्हणजे सगळी सारखीच ना? सुहासनेही विचारलं होतं, शाळेत असताना. निबंध लिहायचा होता, माझे वडील. त्याने शेवटी काकांवर लिहिला. काका रेल्वेत होते."

त्या दिवसापासून ते तुमच्यासाठी 'डोर्शसाहेब' झाले. तुमच्या बांधकाम खात्यात वरिष्ठांना जसं म्हणतात तसं, मान जराशी खाली घालून. मी मुद्दाम पंक्या म्हणायचे.

मग आपली कामाची पद्धतच पडली. मे ते जुलै तुम्ही इथे. फ्राऊ हर्टलाइनकडून फोटोंच्या प्रती आणायच्या, डिव्हायडरने मापं घ्यायची, माझ्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग अडवायचा. जाताना मला प्रश्न सांगून जायचे. हिवाळाभर मी त्या आठ शहरांतल्या ग्रंथालयांना मेल लिहायच्या आणि उत्तरं तुम्हाला फोनवर वाचून दाखवायची. "थांब, पेन घेतो," असं म्हणून तुम्ही फोन तिथेच ठेवून जायचात, आणि मला शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. पहिल्या शहरातल्या ग्रंथालयाच्या बाई तर इतक्या उत्साही निघाल्या की विचारलेल्या एका प्रश्नाला पाच उत्तरं पाठवायच्या. त्यातली दोन नेहमी त्यांच्या मांजराबद्दल असायची.

असं करत करत डोर्शसाहेबांची नोकरी, तुमच्या भाषेत सर्व्हिस, उभी राहिली. आयोवात त्यांनी आधी धान्याची कोठारं बांधली, मग चर्चं बांधली. चर्चं चांगली झाली म्हणून एका कौंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, न्यायालयाचं काम दिलं. त्यांना उंच, कमानदार दालन तेवढं माहीत होतं, म्हणून वरच्या मजल्यावरचं न्यायालयाचं दालनही तसंच केलं. दिसायला देखणं. पण साक्षीदार बोलला की शब्द वर जायचा आणि वरच राहायचा. समोर बसलेल्या ज्यूरीला नुसता घुमणारा आवाज. हे मी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "कीर्तनाला उत्तम, साक्षीला वाईट." आणि लगेच, "म्हणून खिडक्या ठेंगण्या होत गेल्या. छत खाली आणतोय तो."

खरंच आणत होते. दुसऱ्या गावात छत उतरवलं. तिसऱ्यात साक्षीदाराची जागा हलवली. चौथ्यात भिंतींना लाकूड लावलं. पाचव्यात पुन्हा खिडक्या उंच झाल्या आणि तुमचा सगळा सिद्धांत कोसळला. तुम्ही वर्षभर हैराण होतात. शेवटी मांजरवाल्या बाईंनी शोधून कळवलं की तिथल्या कौंटीच्या समितीला शेजारच्या गावापेक्षा उंच खिडक्या हव्या होत्या. तुम्ही फोनवर इतक्या मोठ्याने हसलात की तुमची नात इरा अभ्यास सोडून बघायला आली. "समिती," तुम्ही म्हणालात. "आयोवातही समिती." आठव्या आणि शेवटच्या न्यायालयात म्हणे साक्षीदाराने सुस्कारा टाकला तरी ज्यूरीला ऐकू जायचा. तिथल्या वर्तमानपत्राने उद्घाटनाच्या बातमीत एवढंच लिहिलं होतं की श्री. डोर्श यांनी आपली इमारत पुन्हा एकदा बांधली आहे.

त्या राज्याबाहेर त्यांचं नाव कोणाला माहीत नाही. तुम्हाला त्याचं दुःख नव्हतं. "चांगल्या उपअभियंत्याचं नाव कोणाला माहीत नसतं," तुम्ही म्हणायचात. "नाव झालं म्हणजे काहीतरी पडलं असणार."

आपला वाद सुरू झाला तो श्पार्गेल सोलताना. मे महिना, इथल्या पांढऱ्या शतावरीचा हंगाम, आणि तुम्ही टेबलाशी बसून एकेक कांडी अशी सोलत होतात की जणू तिचं बिल निघायचंय. आदल्या आठवड्यात तुमच्या आग्रहाखातर आपण तिची शेवग्यासारखी आमटी करून पाहिली होती. त्याबद्दल मी अधिक काही लिहीत नाही.

तुम्ही म्हणालात, "हा माणूस बघ. एकच इमारत आठ वेळा, आणि प्रत्येक वेळी आधीची चूक दुरुस्त. याला म्हणतात काम."

मी म्हणाले, "पंक्या शिकला हे खरं. पण तो लोकांच्या कोर्टात शिकला. पहिल्या गावाचं काय?"

"डोर्शसाहेब म्हण."

"बरं. डोर्शसाहेब शिकले. पण पहिल्या गावात ज्या बिचाऱ्याची साक्ष कोणाला ऐकूच गेली नाही, त्याने काय करायचं? आठव्या गावात जाऊन साक्ष द्यायची?"

"अगं, पहिलं कोणाचं तरी असतंच. पहिल्या पोळीचा नकाशा होतो. पहिल्या मुलावर आईबाप शिकतात."

"सुहासला सांगू हे?"

"त्याला माहीत आहे," तुम्ही म्हणालात, आणि आपण दोघंही हसलो. पण मी प्रश्न सोडला नाही. माझं कामच ते आहे. ऑफिसात आम्ही रुग्णालयांना यंत्रं पाठवतो. पुढच्या मॉडेलमध्ये दोष काढलाय असं पहिल्या रुग्णालयाला सांगून भागत नाही.

तेव्हा तुम्ही मला तुमच्या पहिल्या आरोग्य केंद्राबद्दल सांगितलंत. जालना जिल्ह्यातलं. मंजूर नकाशाप्रमाणे बाळंतपणाच्या खोलीचं दार पुढच्या व्हरांड्यात उघडायचं आणि बरोबर समोर पुरुषांना बसायचा बाक. गावच्या बाया आत जाईनात. केंद्र नवंकोरं, खाट नवी, आणि बाळंतपणं घरीच. याचं कारण तुम्हाला वर्षभर कळलं नाही, कारण इंजिनिअरसाहेबांना असलं कोण सांगणार? शेवटी कंत्राटदाराच्या बायकोने चहा देताना सांगितलं, तेही भिंतीकडे बघत. पुढच्या केंद्रापासून तुम्ही ते दार मागच्या अंगणाकडे फिरवलंत. वरून खुलासा मागितला तेव्हा लिहिलंत, वाऱ्याच्या दिशेमुळे.

"आणि पहिल्याचं दार?" मी विचारलं.

"पहिल्याचं काम पूर्ण झालं होतं. इमारत ताब्यात दिलेली. तिला मला हात लावता येत नव्हता. आणि मग माझी बदली झाली."

"म्हणजे तिथल्या बायांचं काय?"

तुम्ही कांडी सोलत राहिलात. तिचा टोकाचा कोंब तेवढा उरला. वाद तिथे थांबला, पण मिटला नाही. त्यानंतर दर उन्हाळ्यात तो कुठेतरी निघायचा, बसच्या थांब्यावर, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, एकदा तर फ्राऊ हर्टलाइनच्या नातवाच्या वाढदिवसाला. मागच्या जुलैत विमानतळावर तुम्ही म्हणालात, "पुढच्या वर्षी तुला उत्तर देतो. भाषणातच देतो." इरा जर्मनमध्ये म्हणाली, आजोबा दर वर्षी हेच म्हणतात. तुम्हाला जर्मन येत नाही असं तुम्ही लगेच जाहीर केलंत.

भाषणाचं कारणही मोठं होतं. गावाने डोर्शसाहेबांच्या जन्मघरावर पाटी लावायचं ठरवलं होतं, आणि पाटीवर काय लिहायचं ते तुमच्या भाषणानंतर ठरणार होतं. तुम्ही मला बजावलं होतंत की तोवर त्यांना काही लिहू देऊ नकोस. आणि मग मार्चमध्ये तुम्ही उत्तर न देताच गेलात. मला दुःख झालंच, पण खरं सांगते, त्यात थोडा संतापही होता. भांडण अर्धवट टाकून उठून गेल्यासारखं.

तेरावं झाल्यावर परतीच्या विमानाला दोन दिवस होते. मी सुहासला म्हणाले, "जालन्याकडे जाऊन येऊ. बाबांचं पहिलं केंद्र बघायचंय."

"काय बघायचंय त्यात? सगळी सारखी..." असं म्हणून तो थांबला. मग गाडीची सोय त्यानेच केली.

केंद्र सापडायला वेळ लागला नाही. पिवळा रंग, व्हरांडा, बाक. बाकावर पुरुष. तुम्ही सांगितलं होतंत अगदी तसं. पण बाकासमोर दार नव्हतं, भिंत होती, आणि भिंतीला लसीकरणाचा तक्ता. मी नीट बघितलं तर गिलाव्याखाली जुन्या चौकटीचा उंचवटा दिसत होता. आतल्या सिस्टर माझ्याच वयाच्या असतील. मी विचारलं, "बाळंतपणाच्या खोलीचं दार कुठे आहे?"

"मागून. अंगणातून या."

"आधी इथून होतं का?"

"होतं म्हणतात. कोण्या शहाण्यानं गड्यांच्या बाकासमोर ठेवलेलं."

"ते शहाणे माझे सासरे."

सिस्टरने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "असं का," त्या म्हणाल्या. "बसा मग. चहा टाकते."

मागचं दार सरकारी नव्हतंच, बाबा. जुनं सागवानी, कोरीव चौकटीचं, कोणाच्या तरी पडलेल्या घरातून काढून आणलेलं. उंचीला थोडं कमी, म्हणून वर दोन विटांची भर. सिस्टर म्हणाल्या, "इंजिनिअरची बदली झाली तशी गावातल्या बायांनी गवंड्याला धरून आणलं. आमच्या आधीच्या नर्सबाई सांगायच्या. भिंत फोडली, दार बसवलं, पुढचं बुजवून टाकलं. परवानगी कोणाला मागता? माझा मोठा भाऊ याच दारातून जन्माला आला."

म्हणजे तुम्ही दुसऱ्या केंद्राच्या नकाशात दार फिरवत होतात तेव्हा पहिल्यातही ते फिरत होतं. आणि तुम्हाला कोणी कळवलं नाही. कळवायचं तरी कशाला, त्यांचं काम झालं होतं. तुम्ही मात्र ते बंद न झालेलं दार जन्मभर मनात वागवलंत.

मी चहा पीत बसले. मला हसू येत होतं आणि ते सिस्टरला कसं समजावून सांगावं ते कळत नव्हतं. सुहास त्या दारासमोर उभा होता. त्याने फोटो काढले, चौकटीवर हात फिरवला, पुढे जाऊन बुजवलेली जागा बघून आला, पुन्हा मागे आला.

एर्लांगेनला पोचल्यावर मी पहिलं काम केलं ते मांजरवाल्या बाईंना मेल लिहायचं. इतकी वर्षं आपण त्यांना डोर्शसाहेबांनी पुढे काय केलं ते विचारत होतो. पहिल्या गावाने काय केलं, हे आपण दोघांनीही कधी विचारलं नव्हतं. तुम्ही नाहीच, आणि तो प्रश्न जन्माला घालणारी मीसुद्धा नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पहिल्याच हिवाळ्यात गावातल्या बायकांनी घरच्या गोधड्या आणून साक्षीदाराच्या मागच्या भिंतीवर आणि वर तुळयांना टांगल्या. आवाज जागेवर आला. न्यायाधीशांनी नापसंती दाखवली, पण काढा म्हणाले नाहीत, कारण त्यांनाही पहिल्यांदाच ऐकू येत होतं. जुन्या झाल्या की नव्या लावतात, अजूनही. बाईंनी लिहिलं होतं, "मी मोठी होईपर्यंत मला वाटायचं की सगळ्याच न्यायालयांत गोधड्या असतात." खाली मांजराची तब्येत बरी असल्याचं.

मी यादीतलं चौथं काम पूर्ण केलं. फ्राऊ हर्टलाइनना कळवलं की सभा ठरलेल्या दिवशीच होईल.

सभेला जाताना गाडीत सुहास म्हणाला, "हे बघ, बाबांची बाजू सांग आणि बस. तुमचा वाद नको काढूस. लोक श्रद्धांजलीला येणार आहेत."

मलाही दोन आठवडे तोच प्रश्न पडला होता. माणूस गेला म्हणून त्याचं सगळं पटलं असं म्हणायचं का? तुमचं काय मत झालं असतं ते मला माहीत होतं. माझ्या पहिल्या थालीपिठाला आई 'छान' म्हणाल्या होत्या आणि तुम्ही म्हणाला होतात, "मीठ नाही." त्या दिवसापासून मी या घरात रमले.

म्हणून मी तिन्ही बाजू सांगितल्या. बंबखान्यात खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक काळे कोट घालून आणि चेहरे पाडून आले होते, मागे चेरीचा केक होता. आधी तुमची बाजू, पूर्ण, एकही माप न गाळता. लोकांनी माना डोलावल्या. मग माझी. माना थांबल्या. मग जालन्याचं दार आणि आयोवाच्या गोधड्या. सिस्टर काय म्हणाल्या तेही सांगितलं, आणि पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

नंतर फ्राऊ हर्टलाइननी मंडळाचा मसुदा वाचला: येथे जन्मले थोर वास्तुविशारद पांक्राट्स डोर्श.

छपरं बांधायच्या कामातून निवृत्त झालेले हेर क्राऊस उठले. "आठ वेळा तेच बांधणारा थोर कसा?"

बेकरीवाल्या फ्राऊ ब्योम बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मी रोज तोच पाव भाजते, क्राऊस. आणि तू रोज तो खातोस."

"पावाचं वेगळं."

"पहिल्या वर्षी माझे पाव दगडासारखे व्हायचे. तेव्हा तू काय केलंस?"

"कॉफीत बुडवून खाल्ले."

"मग?"

क्राऊस खाली बसले आणि पुन्हा उठले. कोणीतरी म्हणालं, पाटीवर गोधड्यांचा उल्लेख हवा. कोणीतरी म्हणालं, पाटी डोर्शची आहे, गोधड्यांची नाही. फ्राऊ हर्टलाइन पाटीवर किती ओळी मावतात ते सांगायचा प्रयत्न करत होत्या. मला विचारलं गेलं, तुमचे सासरे काय म्हणाले असते? मी म्हणाले, ते म्हणाले असते, पाटी लावायच्या आधी त्या भिंतीची ओल बघा. यावर घराचे सध्याचे मालक रागावले, आणि दोघंजण लगेच बॅटरी घेऊन भिंत बघायला गेले. ओल आहे, बाबा. पाटी आता पुढच्या वर्षी. तुमच्याबद्दल हळहळायला कोणाला वेळच झाला नाही.

पहिल्या गावाने आपलं आपण बघितलं, हे माझ्या प्रश्नाचं उत्तर. तुम्हाला ते आवडलं नसतं, कारण त्यात इंजिनिअरला काही काम नाही. मलाही पूर्ण आवडलेलं नाही, कारण मग मी इतकी वर्षं कोणासाठी भांडत होते? आपण दोघंही हरलो. मला वाटतं, समोरासमोर असतो तर त्यावर आपण एकेक कप चहा जास्त प्यायलो असतो.

मी केकच्या बशा आवरायला घेतल्या. सुहास मागच्या रांगेतून उठला. मला वाटलं, निघू या म्हणायला येतोय. तो सरळ क्राऊसकडे गेला, खुर्ची ओढून बसला आणि कागदी रुमालावर पेनाने व्हरांडा काढायला लागला. बाक काढला. पुढचं दार काढलं, त्यावर फुली मारली. मग मागचं. "हे माझ्या वडिलांनी बांधलं," तो म्हणत होता, "आणि हे बायकांनी. आणि खरं सांगायचं तर बायकांचं दार जास्त चांगल्या जागी आहे. माझ्या वडिलांनी नंतरच्या केंद्रांत ते इथे ठेवलं, विहिरीच्या बाजूला, जिथे सतत वर्दळ असते. औरंगाबादहून आणलेले त्यांचे नकाशे मी काल काढून बघितले. ते सहज इकडे ठेवता आलं असतं."

क्राऊस म्हणाले, "मग ठेवलं का नाही?"

"तेच कळत नाहीये," सुहास म्हणाला आणि दुसरा रुमाल घेतला.

बाबा, तुमच्या मुलाने तुमच्या कामात चूक काढली. त्यासाठी आदल्या दिवशी तो तुमचे सगळे नकाशे घेऊन बसला होता.